शेवटच्या प्रश्नाची शांतता

जानेवारी आला की अंबरनाथच्या रिक्षांमधून गुंडाळ्या डोकावू लागतात. कार्डशीटच्या, वरून प्लास्टिकची पिशवी चढवलेल्या, दोन्ही टोकांना रबर लावलेल्या. गुंडाळीच्या मागे एकसारख्या साडीतली मुलगी असते. साडी तिची नसते, अभ्यासक्रमाची असते, हे तिच्या चालण्यावरून लगेच कळतं.

परवा शेअर रिक्षात मी मधे बसलो होतो आणि दोन्ही बाजूंना अशा दोघी. उजवीकडची म्हणाली, "काका, जरा सरका ना, चार्ट मुडतोय." मी सरकलो. मग दोघी माझ्या अंगावरून बोलू लागल्या. निवृत्त माणूस हा फर्निचरचाच प्रकार असतो.

"तुझा कितवा पाठ आज?"

"नववा. सुन ना, त्या वर्गात एक नवीन पोरगी आलीये, नुसती बडबड करते. तिनं लास्ट क्वेश्चनला आन्सर दिलं ना, तर मी तिथेच मरणार."

"त्यांच्या बाईंना सांगून ठेव आधीच."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "मॅडम, आन्सर दिलं तर चांगलंच ना?"

"भैया, तुम्हाला नाही समजणार," दोघी एकदम म्हणाल्या.

मला समजलं, आणि समजल्याचा आनंद झाला नाही. इतक्या हिवाळ्यांनंतरही ती शांतता तशीच टिकून आहे म्हणायची.

आमच्याकडचा हिवाळा हा तसा संशयास्पद ऋतू. तो आहे की नाही, यावरच एकमत होत नाही. बदलापूरकर मात्र त्याचा अभिमान बाळगतात; मुंबईत कुणी पंखा एकवर आणला की इथले लोक मोबाइलवर आकडा दाखवून सांगतात, "आमच्याकडे याहून चार कमी." मी बदलापुरात मांजर्लीला राहतो. आमच्या इमारतीच्या जिन्यात पुराच्या पाण्याची रेघ आहे, ती पावसाळ्याची आठवण. हिवाळ्याला अशी खूण ठेवता येत नाही. पहाटे नदीवरून धुकं येतं, औद्योगिक वसाहतीकडून आणखी काहीतरी येतं, आणि दोन्ही मिसळलं की निसर्ग कुठे संपला आणि कारखाना कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात. शाळांच्या आवारात चिंचा वाकड्या होऊन लोंबतात. त्याच सुमारास शाळाशाळांतून सरावपाठांचा हंगाम सुरू होतो. माझ्या नोकरीची शेवटची तीन वर्षं त्या हंगामात गेली, पण आठवतो तो त्यातला एकच हिवाळा.

तेव्हा मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत असे. खरं तर शिकवायला तयार असे. शिकणारे सात होते. पदार्थविज्ञानाला चार. मानसशास्त्राला अडीच, कारण एक मुलगी आलटून पालटून येई. तीन रिकाम्या वर्गांची बेरीज केली तर एक भरलेला वर्ग होऊ शकतो, हे गणित आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सुचलं. त्यातून प्राथमिक शिक्षक घडवणारी चार वर्षांची एकात्मिक, आंतरविद्याशाखीय पदवी जन्माला आली. अध्यक्षांचा फर्निचरचा धंदा होता, त्यामुळे सुटे भाग जोडून नवी वस्तू उभी करण्यातलं त्यांना कळत होतं. नावावर चर्चा चालली असताना ते मला म्हणाले, "सर, नाम ऐसा रखो कि बाप को समझ में नहीं आए, पण शेजाऱ्याला सांगताना छाती फुगली पाहिजे." शिक्षणावरचं इतकं प्रामाणिक वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

उद्घाटनाला समई लावताना वात तीनदा विझली, कारण वरचा पंखा बंद करायचा राहून गेला होता. चौथ्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "राहू द्या, नुसता हात पुढे ठेवा." प्रमुख पाहुण्यांनी नुसता हात पुढे ठेवला. तो फोटो माहितीपत्रकावर छापला गेला. ज्योत नंतर संगणकावर लावली.

एवढं असूनही तो अभ्यासक्रम वाईट नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी अपूर्णांक, मग कविता, मग माती-पाणी-हवा, दुपारी लहान मुलाचं मन कसं चालतं. जी मुलगी उद्या पहिली ते पाचवीच्या मुलांना सगळंच शिकवणार, तिला सगळ्यातलं थोडं खरोखर कळलं पाहिजे, ही कल्पना चांगलीच आहे. चांगल्या कल्पनेवर माझा संशय नसतो. तिच्यामागे जो बॅनर लागतो, त्यावर असतो.

तिसऱ्या वर्षी आमच्या चौदा मुली सरावपाठांसाठी अंबरनाथच्या एका शाळेत जाऊ लागल्या. कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून ती शाळा होती. भोंगा झाला की वर्गातली मुलं घड्याळाकडे न बघता डबे बाहेर काढत. मी निरीक्षक. निरीक्षकाने शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसायचं आणि निरीक्षण वहीत शेरे लिहायचे.

या पाठांची एक ठरलेली चाल असते. सुरुवातीला प्रस्तावना, म्हणजे पाच प्रश्न. पहिला अगदी सोपा, मग थोडा कठीण, मग आणखी. शेवटचा प्रश्न असा हवा की वर्गातल्या कुणालाच त्याचं उत्तर येता कामा नये. वर्ग गप्प झाला की शिकवणाऱ्या मुलीने हसायचं आणि म्हणायचं, "चला, तर मग आज आपण हेच शिकणार आहोत." याला हेतुकथन म्हणतात. ते झालं की गुंडाळी उघडते, तक्ता फळ्यावर चढतो आणि पाठ रीतसर सुरू होतो. शेवटच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं तर हेतुकथन करता येत नाही, आणि हेतुकथनाशिवाय पाठ म्हणजे मुहूर्ताशिवाय लग्न. माणसं सुखी होतीलही, पण भटजी सही करणार नाहीत.

पाठाचा विषय चौदाही जणींना एकच नेमून दिलेला, पाण्याचा प्रवास. चौथी ब. चौतीस मुलं.

"पाणी कुठून येतं?" "नळातून!" "नळाला कुठून?" "टाकीतून!" "आणि टाकीत?" "नदीतून!" "नदीचं पाणी स्वच्छ असतं का?" "नाऽऽही!" "मग ते पिण्यासारखं कसं करतात?"

शांतता. खिडकीवरच्या पारव्याने पंख झाडले तेही ऐकू आलं. चौतीस चेहऱ्यांवर एकच निष्पाप अज्ञान. मी वहीत लिहिलं, 'प्रस्तावना प्रभावी.'

दुसऱ्या मुलीच्या पाठालाही तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी मला शंका आली: वर्ग तोच, धडा तोच. अज्ञान इतकं वेळेवर येत नाही. त्याला थोडी चुळबुळ असते, कुणीतरी काहीतरी चुकीचं ओरडतं. इथे प्रश्न संपायचा आणि शांतता पडायची, पडदा पडावा तशी. मधल्या सुट्टीत चिंचेखाली मी पहिल्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीला गाठलं.

"तुला खरंच उत्तर येत नव्हतं?"

"येतं ना. पहिले तुरटी, मग गाळण, मग क्लोरीन."

"मग बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "सर, लास्टच्या प्रश्नाला गप्प बसायचं असतं. नायतर टीचर रडते."

झालं होतं असं, की दोन-तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजच्या मुली तिथे येत. एका मुलाने शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं आणि ती शिकवणारी मुलगी फळ्याकडे तोंड करून रडायला लागली. त्या वर्गाने त्यावरून धडा घेतला आणि पाचवीत जाताना तो खालच्या वर्गाच्या हवाली केला.

मी वर्गशिक्षिका शेलार बाईंकडे गेलो. साडीवर घातलेला मरून स्वेटर, हातात हजेरी. त्या म्हणाल्या, "आमची पोरं सांभाळून घेतात तुमच्या मुलींना. तुम्ही पण घ्या सर."

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या मुलांना आम्ही काय शिकवणार होतो? देशात जगायला जे लागतं ते त्यांना नवव्या वर्षीच आलेलं होतं. मी किती परिषदांना बसलो आहे. व्याख्याता शेवटी म्हणतो, "काही प्रश्न?" आणि दोनशे विद्वान असेच निष्पाप गप्प बसतात, कारण चहा झालेला असतो आणि कुणाला रडवायचं नसतं. चौथी ब आमच्यापेक्षा बरी. ती निदान कुणाच्या तरी डोळ्यांतल्या पाण्यासाठी गप्प होती.

सगळ्याच मुली मात्र सांभाळून घेण्यासारख्या नव्हत्या. सुप्रिया भोईर जांभूळ गावची. घरची भातशेती होती, त्यातली थोडी उरली होती, आणि वडील पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर पाळीने कामाला जात. म्हणजे ज्या पाण्याच्या प्रवासाचे बाकीच्या मुली तक्ते रंगवत, त्या प्रवासाला तिचे बाबा डबा घेऊन जात. तिने गुंडाळी आणली नाही. एका बाटलीत नदीचं गढूळ पाणी आणि कागदात बांधलेला तुरटीचा खडा आणला. तिचा पाठ पाहायला मी आणि आमच्या विभागप्रमुख, मानसशास्त्राच्या कामत मॅडम, दोघे होतो. त्याचे गुण धरले जाणार होते.

शेवटचा प्रश्न झाला. वर्ग नेहमीप्रमाणे शांत झाला. सुप्रियाने वाट पाहिली, मग कमरेवर हात ठेवला.

"गप का बसलाव? अकरा येला ऐकलंय तुम्ही हे. बोला की!"

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. मग धरणाचा दरवाजा उघडावा तसा सगळा वर्ग एकदम बोलला. तुरटी, गाळण, क्लोरीन, टाकी, सगळं. पाठ नऊ मिनिटांत संपला. उरली सव्वीस मिनिटं. सुप्रिया म्हणाली, "बरं, मग पाण्याबद्दल तुम्हाला काय येत नाय, ते चिठ्ठीवर लिहून द्या." आणि तास संपेपर्यंत ती त्या चिठ्ठ्यांतले प्रश्न वाचत, जमतील तशी उत्तरं देत बसली. नळाला एक दिवसाआडच पाणी का येतं? माशाला क्लोरीन चढतं का? पुराचं पाणी परत जाताना कुठल्या रस्त्याने जातं? मी चाळीस वर्षांत ऐकलेल्या प्रश्नांपैकी हे सगळ्यात खरे प्रश्न होते.

कामत मॅडमनी शेरा लिहिला, 'हेतुकथनाचा अभाव.' सुप्रिया नापास झाली. खाली सहीसाठी दोन रेघा होत्या. दुसरीवर माझी सही आहे.

पुनर्पाठ फेब्रुवारीत ठरला, बाहेरच्या परीक्षकासमोर. त्यातही गेली तर अख्खं वर्ष पुन्हा. सुप्रियाने मला हे स्टाफरूमच्या दारात, सहज सांगावं तसं सांगितलं. "बाबा म्हणतात, वर्ष गेलं तर घरी बस. एकदा पोरगी घरी बसली की उठत नाय सर, मी बघितलंय आमच्याकडे." मग तिने एक कागद पुढे केला. "पण हे त्याच्या आधी बघा."

प्रत्येक मुलीने वर्गातल्या एका मुलाचा किंवा मुलीचा व्यक्ती अभ्यास लिहायचा असे. हा भाग मी मोठ्या गमतीने तपासत असे, कारण सगळ्या फायलींत तो मुलगा एकच होता. नाव राहुल. गणितात कच्चा, वडील कामगार, स्वभावाने अबोल. आठ आठवड्यांत त्याच्यात लक्षणीय सुधारणा होई. उल्हासनगर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे हा राहुल तयार मिळे. त्याला सुधारल्याशिवाय कुणाला पदवी मिळत नसे. चौथी ब मध्ये राहुल नावाचा एकही मुलगा नव्हता.

सुप्रियाच्या कागदावर राहुल नव्हता. तिने लिहिलं होतं: 'रेश्मा, तिसरा बाक. तिला वाचता येत नाही, आणि ते ती लपवते. चिठ्ठीवर प्रश्न लिहायला सांगितला तेव्हा तिने शेजारच्या मुलीची चिठ्ठी उतरवली, शेजारच्या मुलीच्या नावासकट. शेवटच्या प्रश्नाला बाकीची मुलं येत असून गप्प बसतात, ती येत नसून. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.'

मी मराठीचा प्राध्यापक. माझी पहिली शंका अशी, की हे वाक्य इतकं चांगलं आहे, म्हणजे ते कुठून तरी उतरवलेलं असणार.

आणखी एक कारण होतं. माझ्या निरीक्षण वहीत त्याच मुलीबद्दल माझा शेरा होता: 'रेश्मा लक्ष देऊन ऐकते. शांत व शिस्तप्रिय.' नऊ पाठ मी तिच्या मागे बसून पाहिले होते. वीस वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते मला दिसलं नाही, असं कसं होईल? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शाळेत गेलो, रेश्माला व्हरांड्यात बोलावलं आणि पुस्तकातलं एक पान उघडून दिलं. दोन घट्ट वेण्या, त्यांना तेल, बोटांना चिंचेचा चिकटा. तिने ओळीखाली बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं. एकच गोष्ट खटकली. बोट पुढच्या ओळीवर गेलं तरी आवाज मागच्या ओळीवरच होता. खटकली, पण मी खटकू दिली नाही.

"तुमची रेश्मा वाचते," मी सुप्रियाला सांगितलं. आवाजात थोडा विजय होता.

"कुठलं पान दिलंत सर?"

"पाण्याचा प्रवास."

ती हसली. "तो धडा आमच्याकडचा कुत्रा पण वाचेल सर, इतक्या वेळा ऐकला तर. दुसरं कायतरी द्या ना तिला. जे कुणी तिच्यासमोर वाचलंच नसेल असं."

मी परत गेलो, चिडून. व्हरांड्यात उभं राहिल्यावर लक्षात आलं की हातात दुसरं पुस्तकच नाही. होती ती निरीक्षण वही. माझं अक्षर चांगलं आहे, मुलांच्या पुस्तकातल्यासारखं गोल आणि सुटं. मी पान उघडलं आणि वही तिच्या हातात दिली.

"वाच बघू. तुझ्याबद्दलच लिहिलंय."

तिने बोट ठेवलं. बोट पहिल्या शब्दावर राहिलं. ते तिचं नाव होतं, आणि तेवढं ती ओळखत होती. "रेश्मा," ती म्हणाली. पुढे बोट सरकलं नाही. तिने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तीच शांतता पडली जी मी नऊ वेळा पाहिली होती आणि नऊ वेळा प्रभावी म्हणून नोंदवली होती.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "चांगलं लिहिलंय ना सर?"

मी हो म्हणालो. त्या शेऱ्यात चांगलंच लिहिलेलं होतं.

इथून पुढे गोष्ट सोपी व्हायला हवी होती. शेलार बाईंना सांगितलं तर त्यांनी स्वेटरच्या बाह्या हातावर ओढून घेतल्या. "मला माहीत नाय असं वाटतं तुम्हाला? पण वाचन पातळीचा कागद वर गेलाय सर. सगळी मुलं वाचतात असा. आता एकीला येत नाय म्हटलं तर मी खोटी ठरले. आणि तिला घेऊन बसणार कधी? माझे सगळे तास तुमच्या चौदा जणी घेतात. चौदा जणी शिकवायला येतात, म्हणून मला शिकवायला मिळत नाय."

कामत मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. "मुलगी हुशार आहे. पण हे पान फायलीत गेलं तर शाळा दुखावेल. पुढच्या वर्षी वर्ग देणार नाहीत. मग पुढच्या बॅचने सराव कुठे करायचा? तिला सांगा, पान बदल. तरच पुनर्पाठाला बसवता येईल." आणि मग अगदी मानसशास्त्राच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुमचं ऐकते ती."

मी सांगितलं. जिन्याखाली, जिथे जुने बॅनर गुंडाळून ठेवलेले असत. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर मीही थोडा शूर झालो असतो, असं स्वतःला सांगायला मला आवडतं. ती जरा वेळ बॅनरच्या दोऱ्या बघत राहिली आणि म्हणाली, "बदलते."

दुसऱ्या दिवशी फायलीत नवं पान होतं. "राहुल लिहिलाय सर," ती म्हणाली. "सुधारला पण." मी राहुलवर सही केली.

त्या आठवड्यात माझी मनःस्थिती फार सोयीची होती. शेवटी ही पण तशीच निघाली, असं म्हणून मी मोकळा झालो होतो. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला असा एक फायदा असतो: कुणी वाकलं की त्याला वाईट कमी वाटतं आणि आपलं बरोबर होतं याचं समाधान जास्त.

पुनर्पाठाच्या दिवशी आंबा मोहरलेला होता आणि शाळेच्या दारात रांगोळी होती. परीक्षक आले. शाल, श्रीफळ, गुलाबाचं एक फूल ज्याचा देठ चांदीच्या कागदात गुंडाळला होता. सुप्रियाही गुंडाळी घेऊन आली, रबर लावलेली. साडीला पिना इतक्या की ती चालताना वाजेल असं वाटावं. "पाणी कुठून येतं?" "नळातून!" एकेक प्रश्न पायरीसारखा. शेवटचा प्रश्न. शांतता. मी तिच्याकडे पाहत होतो. ती हसली, अगदी पाठाच्या टाचणात लिहिल्याप्रमाणे, आणि म्हणाली, "चला, तर मग आज आपण हेच शिकणार आहोत." तक्ता उलगडला. नद्या निळ्या, टाक्या पिवळ्या, बाण लाल. पस्तीस मिनिटांत पस्तीस मिनिटांचा पाठ झाला. परीक्षक म्हणाले, असे शिक्षक घडवणारं महाविद्यालय धन्य आहे. सर्वांत जास्त गुण तिला मिळाले.

परीक्षक चहाला गेले तेव्हा ती व्हरांड्यात उभी राहून खांद्यावरची पिन काढत होती.

"झाले ना पास सर? वर्ष जात नाय ना आता?"

"नाही."

"पूर्ण पाठात मी तिसऱ्या बाकाकडे बघितलं नाय," ती म्हणाली. "बघितलं असतं तर चुकले असते." पिन निघेना म्हणून तिने दात लावले. मग म्हणाली, "उद्यापासून येते मी. शाळा सुटल्यावर, तासभर. बाई हो म्हणाल्यात. म्हणाल्या, कागदावर काय नसेल तर ये."

मी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. गुण मिळाल्यावर केलेले संकल्प मी पुष्कळ पाहिले होते, त्यातले काही माझेच होते. तिचे सरावपाठ संपले होते. त्या तासाची हजेरी नव्हती, फाइल नव्हती, गुण नव्हते, तिला तिथे जाण्याचं एकही कारण उरलं नव्हतं. जांभूळहून अंबरनाथला दोन रिक्षा बदलून कोण रोज येतं?

तरी मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी मी त्या शाळेत गेलो. एका पत्रावर शिक्का घ्यायचा आहे, असं निमित्त केलं. शिक्का आमच्या कॉलेजातही होता. ऊन तापायला लागलं होतं, मोहोर झडून जमिनीवर चिकट सडा पडला होता. शाळा सुटलेली. चौथी ब चं दार अर्धं उघडं.

सुप्रिया जमिनीवर मांडी घालून बसली होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. समोर रेश्मा. मधे कुठून कुठून आणलेले कागद पसरलेले: साबणाचं वेष्टन, औषधाची खोकी, रिक्षा संघटनेचं पत्रक, लग्नाची पत्रिका. जे कुणी तिच्यासमोर आधी वाचलंच नव्हतं असं. रेश्माचं बोट पत्रिकेवर होतं, आणि या वेळी आवाज बोटाच्या मागे नव्हता, पुढेही नव्हता. दोघे बरोबरीने, लंगडत चालले होते.

मग तिने मला पाहिलं. माझ्या हातात नेहमीप्रमाणे वही होती. बोट थांबलं. आवाज थांबला. चेहऱ्यावर ती ओळखीची, शिस्तप्रिय शांतता येऊन बसली.

सुप्रियाने मागे वळून पाहिलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, रागही आला नाही. अगदी आदराने म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता? तुम्ही असलात की ती गप्प बसते."

मी बाहेर गेलो. दार ओढून घेतलं. व्हरांड्यात चपलांचे दोन जोड होते, त्यांच्या बाजूला उभा राहिलो. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. कारखान्याचा भोंगा झाला, कुणीतरी सायकल काढली. आणि मग आतून एक शब्द आला, तुटका, दोन श्वासांत विभागलेला, मग दुसरा, आणि दुसऱ्या शब्दापाशी काहीतरी जबरदस्त चुकलं असणार, कारण दोघीही एकदम हसत सुटल्या.

काय चुकलं ते मला आजतागायत माहीत नाही.